डिजॉक्सिन झाडातूनच येतं, तर गोळीऐवजी थेट पानच का घेऊ नये?

तुमचा प्रश्न असा: वडिलांना हृदयासाठी डिजॉक्सिनची गोळी चालू आहे. ती फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडापासून काढतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं. आता त्यांचं म्हणणं, बहुतेक औषधं शेवटी झाडपाल्यातूनच येतात, तर मधला कारखाना हवा कशाला? सरळ वनस्पतीच घेतली तर साइड इफेक्टची कटकटही नाही. यात कितपत तथ्य आहे?

मी फार्मसीच्या मुलांना फार्माकोग्नोसी शिकवतो. औषधी वनस्पती ओळखायची कशी, तिच्यात असतं काय आणि किती, एवढाच आमचा विषय. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

वडिलांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ‘बहुतेक’ हा शब्द जरा सैल झाला, पण अफूच्या बोंडातून मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतून क्विनीन, सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन, सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन ही यादी खरीच आहे. डिजॉक्सिनसाठी तर आजही फॉक्सग्लोव्हची शेती करतात आणि पानांतूनच ते काढतात. घोळ आहे तो ‘सरळ’ या शब्दात.

फॉक्सग्लोव्हचीच गोष्ट घ्या. १७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरकडे एक घरगुती नुस्खा मत मागण्यासाठी आला. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीनं तो कित्येक वर्षं गुपित ठेवला होता. अंगात पाणी साचून सुजलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी तिच्या औषधानं बरे व्हायचे. नुस्ख्यात विसेक वनस्पती होत्या. विदरिंगला वनस्पतींची चांगली जाण होती, त्यामुळे यातली काम करणारी फॉक्सग्लोव्हच, हे त्यानं लगेच ओळखलं. लोक गोष्ट इथंच संपवतात. मला मात्र त्याची पुढची दहा वर्षं जास्त मोठी वाटतात, कारण ती सगळी ‘किती?’ या एका प्रश्नात गेली. ऋतू बदलला की पानांचा जोर बदलायचा. शेवटी त्यानं ठरवलं की झाड फुलावर येतानाचीच पानं तोडायची, देठ आणि मधली शीर काढून टाकायची, उरलेलं वाळवून पूड करायची आणि मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन दिवसातून दोनदा द्यायची. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. १७८५ साली त्यानं हे सगळं पुस्तकात छापलं, आणि औषध लागू पडलं नाही ते रोगीही त्यात लिहिले. हा प्रामाणिकपणा आजच्या जाहिरातींतही क्वचित सापडतो, पण ते असो.

म्हणजे पानाचं औषध झालं ते मोजमाप आल्यावर. तरीही पानाची पूड बेभरवशाचीच राहिली. विसाव्या शतकात तिचा जोर ठरवायला ती बेडकांवर, कबुतरांवर, मांजरांवर आजमावून बघत, कारण दुसरा मार्गच नव्हता. आता डिजॉक्सिन रक्तात किती हवं ते बघा. हृदय अशक्त झालेल्या रोग्यात मिलिलिटरला साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दोनच्या वर गेलं की विषबाधेची भीती. एवढ्या अरुंद फटीतून औषध न्यायचं, तेही चिमटीनं मोजलेल्या पानानं?

आणखी एक. बागेत लावतात तो जांभळ्या फुलांचा फॉक्सग्लोव्ह वेगळ्या जातीचा. त्याच्या पानात मुख्यतः डिजिटॉक्सिन मिळतं. डिजॉक्सिन येतं ते लोकरी फॉक्सग्लोव्हमधून. डिजॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला दीड-दोन दिवस लागतात, डिजिटॉक्सिनला आठवडाभर. म्हणजे वडिलांनी बागेतलं पान खाल्लं तर ते त्यांचं औषध तरी असेल का, इथूनच शंका. आणि पान ओळखणंही सोपं नाही. फुलं येण्याआधी फॉक्सग्लोव्हची पानं कॉम्फ्री नावाच्या झाडासारखी दिसतात. कॉम्फ्रीचा काढा समजून फॉक्सग्लोव्ह प्यायल्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

‘सरळ वनस्पती’ ही कल्पना परंपरेतली आहे, असं लोक समजतात. तिथंही ती फारशी सापडत नाही. आयुर्वेदात बचनाग कच्चा देत नाहीत. आधी गोमूत्रात भिजत घालायचा, दुधात उकळायचा, आणि त्याला शोधन म्हणायचं. प्रयोगशाळेत बघितलं तर यात होतं असं की उष्णतेनं त्यातल्या ॲकोनिटिन या विषाचे रेणू तुटतात आणि त्यांची जागा कितीतरी कमी विषारी पदार्थ घेतात. ‘बिब्बा घालणं’ आपण बोलताना सहज वापरतो, पण खरा बिब्बा अंगावर उतला की कातडी फोडांनी भरते. तोही विटेच्या चुऱ्यात घोळून, तेल काढून मगच वापरायचा. मधला कारखाना तेव्हाही होता. खल, चूल आणि वैद्याचा हात, एवढाच काय तो फरक.

कृती किती महत्त्वाची, याचं माझं आवडतं उदाहरण चीनमधलं आहे. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्यानं तापासाठी लिहून ठेवलं होतं: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजत घाल, पिळून रस काढ आणि सगळा पी. मलेरियावर औषध शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना याच वनस्पतीचे अर्क कधी लागू पडताना दिसायचे, कधी नाही. ही ओळ पुन्हा वाचताना त्यांना खटकलं की यात उकळायचं कुठंच म्हटलेलं नाही. उष्णतेनं मूळ द्रव्यच नष्ट होत असेल तर? मग त्यांनी जेमतेम ३५ अंशांवर उकळणाऱ्या ईथरनं अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१मध्ये उंदरांमधल्या मलेरियावर तो शंभर टक्के लागू पडला. आर्टेमिसिनिन ते हेच. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र याच वनस्पतीचा चहा करून मलेरियावर पिऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मात्रा कमी-जास्त होते, आणि अपुऱ्या मात्रेनं परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते.

झाडाचा कोणता भाग घ्यायचा, हा प्रश्नही लहान नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कोरफडीचं जाड पान बुडाशी कापायला लावतो आणि कापलेली बाजू खाली करून काचेच्या पेल्यात उभं ठेवायला सांगतो. मिनिटभरात सालीच्या अगदी खालून पिवळा चीक ओघळायला लागतो. वास उग्र, चव जीभ मागे घ्यावी इतकी कडू, आणि बोटांवर वाळला की तपकिरी डाग. चीक निथळला की पान सोलायचं. आत पारदर्शक, बिनचवीचा, बुळबुळीत गर. गर कातडीला थंडावा देतो. चिकात ॲलोइन असतं, ते जबर रेचक आहे. वाळवलेल्या चिकाला काळा बोळ म्हणतात. दोन्हींत अंतर मिलिमीटरचं, आणि बाटलीवर दोन्हींना नाव ‘कोरफड’.

नावांनी तर माणसं गेली आहेत. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया नावाच्या चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया गेली, कारण दोन्हींची चिनी नावं जवळजवळ सारखी. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. काहींना डायलिसिस लागलं, काहींना पुढं मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. गोळ्या ‘नैसर्गिक’च होत्या.

मी वनस्पतींच्या विरोधात आहे असं वाटू देऊ नका, माझं पोट त्यांच्यावरच चालतं. इसबगोल जसंच्या तसं उत्तम काम करतं, फक्त भरपूर पाण्यासोबत घ्यायचं. सोनामुखीची पानं आणि शेंगा बद्धकोष्ठावर खात्रीच्या. त्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, मग ती काम करतात, म्हणून परिणामाला सहा ते बारा तास लागतात आणि रात्री घ्यायची सोय पडते. अडुळशातल्या व्हॅसिसिनच्या रेणूवरून ब्रोमहेक्सिन घडवलं, आणि खोकल्याच्या औषधांवर दिसणारं ॲम्ब्रोक्सॉल त्याच घराण्यातलं. सदाफुलीचं मात्र उलटंच झालं. कॅनडात ती मधुमेहासाठी तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं संशोधन सुरू झालं. तीच पानं साखरेसाठी रोज चावणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

आता तुमच्या वडिलांकडे वळू, कारण डिजॉक्सिन चालू असलेल्या माणसाला निरुपद्रवी वाटणारी झाडंही जपून वापरावी लागतात. डिजॉक्सिन हृदयाच्या पेशीतल्या ज्या पंपाला चिकटतं, तिथं पोटॅशियम त्याच्याशी स्पर्धा करतं. पोटॅशियम उतरलं की तीच गोळी, तेवढीच मात्रा, जास्त जोरात लागते. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतला तर नेमकं तेच होतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. सोनामुखी किंवा काळा बोळ रोज घेऊन पोट साफ करायची सवय असेल तरी तोच परिणाम. इसबगोलानं गोळी कमी शोषली जाऊ शकते, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. आणि उदासीवर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट रक्तातलं डिजॉक्सिन उतरवतं. ते अचानक बंद केलं की पातळी पुन्हा वर.

तेव्हा गोळी थांबवू देऊ नका. आधी त्यांच्याकडे कोणकोणती चूर्णं, काढे, गोळ्या आहेत ते बघा. शक्यतो चारचौघांदेखत उलटतपासणी न करता, नाहीतर ते अर्धं लपवतील. प्रत्येक डबीवरची घटकद्रव्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, नुसतं ‘आयुर्वेदिक चालू आहे’ एवढं सांगू नका. गेल्या काही दिवसांत त्यांना मळमळ होतेय का, अन्नावरची वासना गेलीय का, वस्तू पिवळट दिसतात का, नाडी फार मंद किंवा अडखळत चालते का, हेही विचारा. यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि रक्तातलं डिजॉक्सिन व पोटॅशियम दोन्ही तपासून घ्या.