विमानाचं एक इंजिन हवेत बंद पडलं तर किती घाबरायचं?

तुम्ही लिहिलंय की इंजिन बिघाडाच्या बातम्या सारख्या दिसतात आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे दोह्याला जायचंय. मी वैमानिक नाही. पण एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो आणि 'प्रवासी थोडक्यात बचावले' हा मथळा माझ्याच हातून किती वेळा गेलाय याची गणती नाही.

वृत्तसंस्थेचा मजकूर चार ओळींचा यायचा. अमुक विमान, तांत्रिक बिघाड, वीस मिनिटांत परत, सर्व सुखरूप. पानावर जागा दोन कॉलमांची. चार ओळी ताणायच्या तर भीतीच घालावी लागते, हाताशी दुसरं काही नसतं. मग 'जीव टांगणीला', मग 'हवेत घिरट्या'.

त्या घिरट्या बहुतेक वेळा मुद्दाम घातलेल्या असतात. एक तर चेकलिस्ट शांतपणे वाचायची असते, दुसरं म्हणजे उतरण्याआधी इंधनाचं वजन कमी करायचं असतं. बोइंग ७७७ हवेतच इंधन सोडून देऊ शकतं. एअरबस ३२० ला ती सोय नाही, ते इंधन जाळत फिरतं किंवा जडच उतरतं. आणि एका इंजिनावर उडण्याचं म्हणाल, तर दोन इंजिनांच्या विमानाला परवानाच त्या अटीवर मिळतो: धावपट्टीवर थांबणं शक्य नाही इतका वेग आल्यावर एक इंजिन गेलं, तरी उरलेल्यावर ते वर चढलं पाहिजे. सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतात.

सगळेच बिघाड मात्र सारखे नसतात, आणि आम्ही सगळ्यांना 'बिघाड' हा एकच शब्द वापरायचो. ४ नोव्हेंबर २०१०, दिवाळीचे दिवस. सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ३८० चं एक इंजिन फुटलं. तुकडे खाली इंडोनेशियातल्या बाताम बेटावर पडले, लोकांनी फोटो काढले आणि तेवढ्यावर विमान कोसळल्याची बातमी फिरली. कंपनीचा शेअर घसरला. विमान तेव्हा ४६९ माणसांना घेऊन हवेत होतं. वैमानिकांनी 'मेडे', म्हणजे जीवघेण्या संकटाची हाक, नव्हे, त्याहून एक पायरी खालचा 'पॅन पॅन' पुकारला होता. जवळजवळ दोन तासांनी ते सिंगापूरला उतरलं, कुणालाही इजा नाही. उतरल्यावर दुसरंच एक इंजिन बंद होईना, ते बंबवाल्यांनी पाणी आणि फेस मारून मारून थांबवलं!

ही घटना खरोखर गंभीर होती. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंख्याचं पातं तुटलं तर ते इंजिनाच्या कवचातच अडकलं पाहिजे, तशी चाचणी द्यावी लागते. इथे टर्बाइनची, म्हणजे इंजिनाच्या आत वेगाने फिरणारी जड चकतीच फुटली, आणि तिला अडवेल इतकं जाड कवच कुणी बसवत नाही. तुकडे पंखातून आरपार गेले. कारण काय, तर तेलाची एक छोटी नळी. तिच्यातलं भोक बनवतानाच मध्यापासून सरकलं होतं, एका बाजूची भिंत पातळ राहिली, तडा गेला, तेल गळून आग लागली. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेचा अंतिम अहवाल २०१३ साली आला. खरी बातमी ती होती. आमच्याकडे ती आतल्या पानावर, एका कॉलमात गेली. मीच लावली होती.

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. पहिल्या रात्री वाहिन्यांवर कारण म्हणून पक्षी होते, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) होते. महिन्याने प्राथमिक अहवाल आला: दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले होते. ते कसे गेले याचं उत्तर त्यात नव्हतं. वाहिन्यांनी ते त्याच संध्याकाळी देऊन टाकलं.

तेव्हा बातमीत एवढंच शोधा: एक इंजिन गेलं की दोन्ही, नुसतं बंद पडलं की फुटलं. एक आणि बंद, एवढंच असेल तर चहा पिऊन घ्या. दोह्याला खुशाल जा. फक्त विमानाला उशीर झाला तर मुलीला आधी कळवा, ती टीव्हीसमोर बसलेली असेल.