सासूबाईंच्या मॉर्फिनच्या गोळ्या

प्रश्न : कॅन्सरच्या वेदनांसाठी सासूबाईंना मॉर्फिन सुरू झालंय. नणंद म्हणते, ही अफूच, सवय लागेल. यावर नॅलोक्सोन नावाचा उतारा असतो म्हणे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका. मॉर्फिन अफूतूनच निघतं, आपल्या माळव्यात मंदसौर-नीमचकडे ती पिकतेही. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेणं म्हणजे व्यसन नव्हे. त्या माउलीने कळवळत का राहायचं?

मेंदूत आणि मज्जारज्जूत ‘म्यू’ नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे औषध चिकटण्याच्या जागा असतात. मॉर्फिन त्यांना चिकटलं की वेदनेचे संदेश दबतात. मात्रा फार झाली तर श्वासही मंदावतो. नॅलोक्सोन मॉर्फिनला हुसकून त्याच जागा बळकावतं, पण ग्राहकांना चेतवत नाही. श्वास काही मिनिटांत सुधारतो, वेदना मात्र उसळते. शिवाय त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, मॉर्फिन तोवर अंगात असू शकतं. म्हणून नॅलोक्सोनच्या इंजेक्शननंतरही रुग्णालयातली देखरेख हवीच.

सासूबाई हलवूनही जाग्या होत नसतील, श्वास अगदी संथ असेल, तर लगेच १०८ला फोन करा. आणि बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या; तो त्रास आपोआप जात नाही.