गिऱ्हाईक विचारतं, तेच लिहा

प्रश्न : मी घरी गोडा मसाला करून इन्स्टाग्रामवर विकते. ‘उत्कृष्ट दर्जाचा, चविष्ट, घरगुती’ असं लिहिते. लाइक येतात, ऑर्डर येत नाहीत. (सांगली)

ताई, ‘उत्कृष्ट’ आणि ‘चविष्ट’ सगळेच लिहितात, त्यामुळे ते वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आधी फोन उघडा आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी मेसेजमध्ये काय काय विचारलं ते जसंच्या तसं वहीत उतरवा. मसाला विकणाऱ्या एका बाईंचे मेसेज मी असेच उतरवून काढले होते. ‘चांगला आहे का?’ असं एकानेही विचारलं नव्हतं. ‘लसूण आहे का?’, ‘आमटीला किती घालायचा?’ हेच फिरून फिरून येत होतं. मग आम्ही लिहिलं : ‘धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर वेगवेगळं भाजून कुटलेला गोडा मसाला. कांदा-लसूण नाही. चौघांच्या आमटीला एक चमचा पुरतो.’ खाली वजन, भाव आणि ‘हवा असेल तर “मसाला” एवढंच लिहून व्हॉट्सअ‍ॅप करा’.

भाव मात्र लपवू नका. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हटलं की विचारायला संकोचणारी माणसं तिथूनच मागे फिरतात.

प्रश्न : आमची देवगडला बाग आहे. ‘अस्सल देवगड हापूस’ सगळेच लिहितात. आम्ही वेगळं काय लिहायचं? (देवगड)

‘अस्सल’ हा शब्द सोडा, पुरावा लिहा. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच फळाला लावायचं. तुम्ही त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक ठळक द्या. ‘कार्बाइड वापरत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्याऐवजी पेंढ्यात घातलेल्या आढीचा फोटो टाका.

खरी भीती आहे ती साक्याची. बाहेरून फळ देखणं असतं, कापल्यावर आत पांढरट, आंबूस निघतं. दोन हजारांची पेटी घेणाऱ्याच्या मनात हेच असतं, आणि बागायतदार नेमकं हेच लिहायला कचरतात. मी तर ते पहिल्या चार ओळींत घेईन : ‘आंबा 12 एप्रिलला उतरवला. पेटीत चार डझन, फळ 250 ग्रॅमच्या आसपास. हिरवट येईल, पेंढ्यातच ठेवा, फ्रीजमध्ये नको. साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’ पाळता येणार असेल तरच शेवटचं वाक्य लिहा. ते पाळलंत, तर पुढच्या हंगामात तेच गिऱ्हाईक स्वतःहून फोन करेल.

प्रश्न : दुकानाचे एसएमएस मराठीत पाठवले की खर्च वाढतो. इंग्रजीत पाठवू का? (नाशिक)

मराठीतच पाठवा, पण मोजून. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्वस्त’ दिसायला तीन अक्षरी, मोजणीत सहा. सत्तरच्या पुढे गेलात की एकाचे दोन एसएमएस होतात. ‘सर्व ग्राहकांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच 48 खर्ची पडतात आणि विकायची गोष्ट बाहेरच राहते. त्याऐवजी ‘गुढीपाडव्याला पुरणपोळी 25 रु. नोंदणी शनिवारपर्यंत.’ मोकळ्या जागा धरून हे पन्नास झाले. उरलेल्या वीसात दुकानाचं छोटं नाव आणि फोन नंबर बसतो. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटी नोंदणीत (टेलिकॉम कंपन्यांकडे अशा एसएमएससाठी करायची नोंदणी) आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून सणाच्या आदल्या दिवशी लिहायला बसू नका.

प्रश्न : जांभूळबियांच्या पावडरीला ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहिलं तर खप वाढेल, असं एजन्सीवाला म्हणतो. (अकोला)

लिहू नका. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात हा गुन्हा आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण दंड राहू द्या. तुमची ओळ वाचून कुणाची आई गोळ्या बंद करेल, इन्सुलिन थांबवेल. ज्या माणसाला हे दिसत नाही त्याच्या हाती आपला मजकूर देऊ नका. एजन्सी बदला.

प्रश्न : बी.ए. झालेय. कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणं, शिकायचंय, पण इंग्रजी कच्चं आहे आणि कोर्सची फी पंचवीस हजार सांगतात. (लातूर)

फी आत्ताच भरू नका. मराठीत नेटकं लिहिणाऱ्यांची गरज गावोगावच्या दुकानांना आहे. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची अ‍ॅड लायब्ररी फुकट उघडते, त्यात सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. रोज तीन मराठी जाहिराती हाताने उतरवा आणि प्रत्येकीखाली लिहा : ही कोणासाठी आहे, आणि वाचून त्याने काय करायचंय? बऱ्याच जाहिरातींत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडणार नाही. ती तुम्ही नव्याने लिहा. मग ओळखीच्या एका दुकानात दोन दिवस गल्ल्याशेजारी बसा आणि गिऱ्हाइकांचे शब्द टिपा. ‘ही साडी धुतल्यावर आटते का हो?’ असलं वाक्य घरी बसून सुचत नाही. त्या टिपणांवरून पाच वस्तूंचा मजकूर लिहून दुकानदाराला द्या आणि त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर टाकायला लावा. आठवडाभराने विचारा, कोणत्या वस्तूची चौकशी वाढली. पुढच्या दुकानात जाल तेव्हा तीच वही बरोबर न्या.