मुलगी पहिलीत आहे, वही कोरी आहे, शाळा बदलू का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. प्राथमिक शिक्षणाचं स्वरूप आणि तत्त्वं काय असावीत, आणि पहिलीत जाऊन तीन महिने झाले तरी मुलीची वही जवळजवळ कोरी आहे, तर शाळा बदलावी का. पहिलं वाचून पुढे सरकणार होते, पण ‘वही कोरी’वर अडखळले.

2013 साल. सातारा जिल्ह्यातली वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी. दुसरीतल्या एका पोराने पाटीवर 27 अधिक 15 बरोबर 312 लिहिलं. सात न् पाच बारा, दोन न् एक तीन, त्याच्या लेखी हिशेब चोख. मी म्हटलं, अरे, दोन लिहायचे, हातचा एक. त्याने डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली. पाटी पुसायला गेला तरी मूठ सोडेना. शेवटी म्हणाला, "बाई, ह्यो एक ठिवू कुटं?"

इतकी वर्षं ‘हातचा’ म्हणत आले होते, तो कुणाच्या हातातला हे मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या नेल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरं कापली. दहा सुट्ट्या काड्या झाल्या की रबर लावायचं आणि गठ्ठा डावीकडच्या खोक्यात. पंधरा दिवस हेच. वह्यांत जेमतेम दोन पानं भरली. पण मग तोच पोरगा शेजारच्याला दटावू लागला, "हातचा न्हाई रं, गठ्ठ्याचा एक!"

नेमकी त्याच आठवड्यात तपासणी. साहेबांनी वह्या चाळल्या, काड्यांकडे बघितलंही नाही, आणि शेरेबुकात लिहून गेले: लेखी काम अपुरे. त्यांचं मला फारसं लागलं नाही. लागलं ते आमच्या मुख्याध्यापक गुरुजींचं. साहेबांची गाडी वळायच्या आत म्हणाले, "बाई, आम्ही घोकूनच शिकलो, आमचं काय बिघडलं?" तेव्हा गप्प बसले. आज सांगते: गुरुजी, तुमच्याबरोबर पहिलीला बसलेले जे सातवीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांना कुणी विचारलं?

तत्त्वं म्हणाल तर ती माझ्या घरची नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याचं कलम 29 बघा: कृतीतून आणि शोधातून शिकणं, शक्यतो मातृभाषेत, मुलाच्या मनात भीती नको. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर पहिली-दुसरी अंगणवाडीच्या तीन वर्षांबरोबर एकाच टप्प्यात बसवली. त्याच वर्षीचं दप्तर धोरण म्हणतं, दुसरीपर्यंत गृहपाठच नको. आणि हे नवीनही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 पासून डहाणूजवळच्या बोर्डीत बिया-शिंपल्यांवरच मुलांना शिकवत होत्या. वह्या भरून हव्या असतात त्या साहेबाला आणि पालकाला.

तेव्हा वही राहू द्या. मुलीपुढे मूठभर चिंचोके टाका आणि दहा-दहाचे ढीग करायला सांगा. शाळेत आज काय केलं हे ती हातवारे करून सांगते का, बघा. सांगत असेल तर शाळा बदलू नका.

हां, बाई वर्गात फिरकतच नसतील तरी वही कोरीच राहते, त्यामुळे एकदा जाऊन डोकावून या. आणि पाढे पाठ हवेतच, तेवढं गुरुजींचं खरं. फक्त आधी गठ्ठे. शाळेचं अंतर, रिक्षा, फी यांचं गणित तुमचं तुम्हीच घाला.

गुरुजी आता निवृत्त झालेत. मागच्या मे महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी आले. नातू पहिलीत आहे म्हणाले, रोज चार पानं लिहायला देतात, रात्री रडतो. मी काही बोलले नाही. वाढप्याला हाक मारून त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढायला लावली.