आंबट लागतंय म्हणजे सॉरेलच का?

प्रश्न : ताई, आम्ही सध्या अमेरिकेत राहतो. घरामागच्या ओलसर गवतात आंबट पानांचं एक झाड दरवर्षी त्याच जागी उगवतं, शेजारी म्हणतात कॉमन सॉरेल आहे. चव चुक्यासारखीच लागली. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर : चुक्याच्याच गोत्रातलं आहे ते, गोत्राचं शास्त्रीय नाव रुमेक्स. फरक असा की चुका एका हंगामात आटपतो आणि हे बहुवर्षायू, मूळ जमिनीत जिवंत राहतं म्हणून तिथंच परत फुटतं. मूळचं युरोप-आशियातलं, अमेरिकेत बाहेरून आलेलं. पण चव घेऊन ओळखणं आधी बंद करा प्लीज, चव सगळ्यात शेवटी.

जमिनीलगतचं एक पान देठासकट तोडून बघा. लांबट पान, आणि देठ जुळतो तिथं दोन्ही बाजूंना टोकदार कान, ते मागे देठाकडे वळलेले, बाणाच्या टोकासारखे. कान बाहेरच्या बाजूला पसरलेले असतील, झाड बुटकं असेल आणि मुळं पसरून सगळीकडे त्याचेच ताटवे झाले असतील तर ते शीप सॉरेल, याचंच धाकटं भावंड. मग खोडावर वर वर बघत जा, सॉरेलची वरची पानं बिनदेठाची, खोडाला मिठी मारून बसलेली असतात, आणि प्रत्येक पेरापाशी खोडाभोवती कागदासारखं पातळ वेष्टण असतं, कड फाटल्यासारखी झालरीची. माझा सगळ्यात जास्त भरवसा या वेष्टणावर आहे. उन्हाळ्यात ३० ते १०० सेंमी उंच दांड्यावर लालसर तुरा येतो, नर आणि मादी झाडं वेगवेगळी, त्यामुळे एकावर लालसर पातळ पंखांची फळं आणि शेजारच्यावर काहीच नाही असं दिसलं तर गोंधळू नका.

खरी भीती अरमची, ते अळूच्या कुळातलं. वसंतात कोवळी पानं वरवर अशीच बाणासारखी दिसतात, पण शिरांची जाळी असते आणि कडेच्या आत कडेला समांतर एक शीर धावते, झालरवालं वेष्टण तर नाहीच. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंडात गेलं की भयंकर आग होते, जीभ-घसा सुजतो.

आणि सॉरेलच निघालं तरी थोडंच खा, आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा आहे, घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांनी नकोच. अजून शंका असेल तर तुरा येईपर्यंत थांबा आणि मला फोटो पाठवा, नुसत्या पानाचा नको, पेराचा अगदी जवळून काढलेला.