चाक फिरतंय, पण फिरवतंय कोण?

प्रश्न : ताई, पावसाच्या तोंडावर आमच्या बाबांच्या (वय ६४) डाव्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता चार महिने होत आले. काठी घेऊन पडवीतून खळ्यापर्यंत जातात पण पाय ओढत. भावाने मुंबईहून ते खुर्चीत बसून मारायचं छोटं पेडलवालं मशीन पाठवलंय, बाबा रोज अर्धा तास मारतात आणि त्यावरचा आकडा येईल त्याला दाखवतात, पण चालण्यात काहीच फरक नाही. शेजारी म्हणतात सायकल बंद करा, तेल लावा. काय करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : सायकल बंद नका करू. तेल लावायचं तर लावा, अंगाला बरं वाटतं, पण पाय हलवायला मेंदू त्याने शिकत नाही. गंमत अशी आहे की दोन्ही पेडल एकाच दांड्याला जोडलेली, त्यामुळे उजव्याने जोर लावला की डावा आपोआप फिरतो, आकडाही वाढतो, आणि डाव्याने काही केलं का ते कुणालाच कळत नाही. उलट बऱ्याच जणांचा कमजोर पाय वर येताना जे स्नायू सैल पडायला हवेत ते आवळलेलेच राहतात, म्हणजे तो पाय चक्क ब्रेक लावतो आणि चांगल्या पायाला त्यालाही ढकलावं लागतं.

काही रिहॅब सेंटर आणि लॅबमधे पेडललाच सेन्सर असतात, कुठल्या पायाने किती आणि कधी जोर लावला ते वेगवेगळं दिसतं, स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून कुठला स्नायू नको त्या वेळी चालू आहे तेही कळतं. ज्याला अजून धड उभं राहता येत नाही त्याचीही अशी तपासणी बसल्या बसल्या होते, तोल सांभाळायची भानगड नाही.

तुमच्याकडे मोबाईल आहे, तेवढा पुरे. आठवड्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, पेडल जड-हलकं करायचा नॉब त्याच आकड्यावर ठेवून समोरून व्हिडिओ काढा. गुडघा बाहेर पडतो का, चाक एका ठिकाणी अडकून मग झटक्याने फिरतं का ते बघा. मग उजवा पाय पेडलवरून काढून पाटावर ठेवायचा आणि नॉब हलका करून एकट्या डाव्याने थोडे फेरे मारायला सांगायचे, तुम्ही शेजारी बसून. खरा आकडा तो, बाबांनी लोकांना तोच दाखवावा!

दुसरं म्हणजे भीतीने नॉब कायम शून्यावर ठेवतात लोक. डेव्हिड ब्राऊन आणि स्टीव्हन कौट्झ या संशोधकांनी १९९८ मधे दाखवलं की पेडल जड केलं तर कमजोर पायही जास्त जोर लावतो आणि त्यामानाने नको ती ओढाताण वाढत नाही. तेव्हा फिजिओला विचारून हळूहळू जड करा. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर किती दमले ते बघायला नाडीवर जाऊ नका, ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. पेडल मारताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, एवढं बघा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं.

डावी बाजू गेलेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही, पाय पेडलवरून घसरला तरी पत्ता नसतो, म्हणून वेल्क्रोचा पट्टा बांधाच. डावा हात लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवा, नाहीतर खांदा दुखायला लागतो. प्लास्टिकची खुर्ची नको, सरकते. मशीन भिंतीला टेकवा.

आणि सायकलने दम वाढतो, पायाला ताकद येते, पण अंगाचं वजन पायावर घेऊन चालायची सवय चालूनच होते. तेव्हा अर्ध्या तासातली दहा मिनिटं कमी करा आणि पेडल झाल्यावर थोडं बसून खळ्यात चालवा, कोणीतरी डाव्या बाजूला राहून.

प्रश्न : मिस्टरांना लकवा होऊन वर्ष झालं, चालतात बऱ्यापैकी. आता खरी सायकल घेऊन बंदरावर मासळी आणायला जातो म्हणतात. जाऊ देऊ?
– वेंगुर्ला

उत्तर : एवढ्यात नको. आपल्याकडचे उतार, वळणावरची वाळू आणि समोरून येणारी एसटी, ब्रेक दाबायला दोन्ही हात झटकन चालायला हवेत आणि नजर दोन्हीकडे. आधी फिजिओकडून तोल, हाताची पकड आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. तोपर्यंत मासळी आणायला रिक्षाने जाऊ देत, घासाघीस करायला तर अडचण नाही ना!