वाचकांचे प्रश्न : आठवीनंतर घरी बसवलेल्या मुलीसाठी काय करता येईल?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच आहे आणि हायस्कूल ६ किलोमीटरवर आहे. शेजारची १५ वर्षांची मुलगी चांगल्या गुणांनी आठवी पास झाली. पण बसथांब्यावर तिच्या मैत्रिणीची छेड काढल्याचे कानावर आले आणि वडिलांनी हिला घरी बसवले. त्याला वर्ष झाले. आई कापूस वेचायला जाते तेव्हा स्वयंपाक आणि धाकटा भाऊ हिच्याकडे असतो. भावाला अंगणवाडीत सोडायला आली की ती माझ्याजवळ बसते आणि मुलांच्या वजनाच्या नोंदी वहीत उतरवून देते. तिचे आकडे माझ्यापेक्षा नीटनेटके असतात. परवा तिने विचारले, "काकू, आता मला नववीत घेतील का?" मला उत्तर देता आले नाही. तिचे वडील माझे ऐकत नाहीत आणि मी स्वतः दहावीच पास आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, तिला आधी एवढे सांगा की नववीचे दार बंद झालेले नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन पालकांनी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि वर्ष का चुकले ते लेखी द्यावे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. ती त्या वयापलीकडे गेल्यामुळे आता सगळे घराच्या मर्जीवर आले आहे, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या शेजारणीने हालचाल करणे फार गरजेचे आहे.

वडिलांना शिक्षणाचे महत्त्व पटवायला जाऊ नका. यवतमाळ जिल्ह्यातील गावांतून मी अशा अनेक घरांत बसले आहे आणि माझा अनुभव असा आहे की मुलीने शिकू नये असे म्हणणारा बाप क्वचितच भेटतो. त्याला रस्त्याची भीती असते, गावात नाव निघण्याची भीती असते, आणि ती तो उघड बोलत नाही. एका घरी मी तीन वेळा जाऊन प्रगतीच्या गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले. चौथ्या वेळी मी फक्त विचारले, "भाऊ, तुम्हाला नेमके कोणत्या ठिकाणी भ्या वाटते?" त्यांनी खाटेवरून उठून नाल्याजवळचे वळण दाखवले. संध्याकाळची बस तिथे उतरवत होती आणि हिवाळ्यात तोवर अंधार पडत होता. त्या दिवसापासून आमचे बोलणे त्या वळणाबद्दल झाले, आणि वळणावर उपाय निघू शकतो.

तुमच्याकडेही तसेच करून पाहा. गावात आठवीनंतर थांबलेल्या आणखी दोन-तीन मुली असतीलच. त्यांच्या आयांना एकत्र बसवा, मुली सोबत जातील-येतील असे ठरवा आणि थांब्यावर पोचवायची पाळी घरांमध्ये वाटून घ्या. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल, तर मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगारप्रमुखांना भेटा. छेड काढणाऱ्या मुलांचा विषय पोलीस पाटलांकडे न्या. त्यांची शिक्षा मुलीने घरी बसून भोगावी, हे आपण मान्य करता कामा नये. आणि वडिलांकडे एकट्या जाऊ नका. त्यांची बहीण किंवा थोरला भाऊ, ज्यांचा शब्द ते मोडत नाहीत, अशा माणसाला सोबत घ्या.

तरीही ते तयार झाले नाहीत, तर १७ नंबरचा फॉर्म आहे. राज्य मंडळाच्या या फॉर्मवर, किमान पाचवी पास असलेल्या आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या मुलीला खासगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसता येते. मात्र घाई करू नका, दोन वर्षांची तयारी धरा. नववीचे गणित सोडून दहावीला बसवलेली मुलगी नापास झाली, की घरच्यांच्या हाती कायमचे कारण मिळते.

तुम्ही दहावीच पास आहात हे संकोचाने लिहिले आहे. कामठी स्थानकावर हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली. त्या बाई पाठीशी उभ्या राहिल्या, एवढेच येथे महत्त्वाचे आहे. सगळे विषय तुम्ही शिकवायचे नाहीत. गणित आणि इंग्रजीसाठी गावच्या गुरुजींना आठवड्यातून एक तास मागा. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. तुमचे काम ठरलेले वार आणि ठरलेली वेळ सांभाळण्याचे आहे. अंगणवाडी सुटल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर ती तुमच्यासमोर धडा मोठ्याने वाचेल आणि मागच्या वेळचे लिहिलेले दाखवेल, एवढे पुरे. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की घरचे काम वाढते आणि हा तास सर्वांत आधी बुडतो. तेव्हा तो दिवेलागणीनंतर तिच्याच घरी, आईच्या देखत घ्या. लपवून मात्र काही करू नका. चोरून चाललेला अभ्यास उघडा पडला, तर तिला तुमच्याकडे येणेही बंद होईल.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. १८ वर्षांच्या आत लग्न ठरत असल्याचे कळले, तर २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांना ताबडतोब सांगा, किंवा १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

वजनाच्या नोंदी तिने जरूर लिहाव्यात, पण तुमचे काम हलके करण्यापुरत्या नकोत. मागच्या महिन्यापेक्षा कोणत्या बाळाचे वजन किती टक्क्यांनी वाढले, ते तिला काढायला सांगा आणि ती वही एकदा तिच्या वडिलांना, तिच्याच हातून, दाखवू द्या.